अप्पांचा खोटा फॉर्म

नाटकं करणाऱ्याला नोकरी लागत नाही, असं माझे वडील म्हणायचे. मला मात्र नाटकामुळेच लागली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एकाच अंकात सासराही झालो आणि सूनही. ते बघायला पहिल्या रांगेत शहरातून आलेल्या एक मॅडम बसल्या होत्या. त्यांचं संशोधन चालू होतं. दहावीतली मुलं-मुली निवडायची आणि ती विशीत जाईपर्यंत दरवर्षी घरी जाऊन विचारायचं, झोप लागते का, रडू येतं का, कशात मन लागेनासं झालंय का. मॅडमनी "तुम्हाला निरुत्साही वाटतं का?" असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघून हसायची. मी विचारायचो, "काय बे, सकाळी उठू वाटतं का न्हाई?" आणि उत्तर यायचं. झालो मी संशोधक!

नांदूरघाटपासून धारूरपर्यंत एसटीनं हिंडलो. घराघरांत केबल नुकतीच आली होती, त्यामुळे पुष्कळ मुलाखती टीव्हीच्या आवाजात झाल्या. फॉर्मच्या वरच दोन नियम छापलेले होते. उत्तरं एकट्यानं द्यायची, आणि ती घरच्यांना सांगितली जाणार नाहीत. दुसरा नियम सोपा होता. पहिला मात्र आमच्या मुलखात कुणी पाळून दाखवावा! पाहुणा बसला की चहा येतो, चहामागून आई येते, आईमागून चुलती, आणि शेजारीण दाराला टेकून उभी राहते.

धारूरच्या बाजारात एक किराणा दुकान होतं. मालकाला सगळं गाव अप्पा म्हणायचं. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक इकडे वळावं. त्यांचा मुलगा आमच्या यादीत होता. पहिल्या वर्षी मी प्रश्न मुलाला विचारले आणि उत्तरं अप्पांनी दिली.

"झोप लागते का रे?"

"त्याला? म्हशीवानी झोपतो."

"रडू येतं का?"

"कावून रडंल? खायला कमी हाय का आमच्याकडं?"

गिऱ्हाईक हसलं, अप्पा हसले, सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. अप्पा बोलले ते मी झोकात लिहून घेतलं. मुलगा मागे पुड्या बांधत होता. त्याच्याकडे नीट बघावं, हे मला सुचलं नाही. दुसऱ्या वर्षीही तोच प्रयोग, तेच हशे; अप्पा मला 'नाटकवाले मास्तर' म्हणू लागले.

तिसऱ्या वर्षी गेलो तर पोरानं कॉलेज सोडलेलं. गालफडं बसलेली. एकाच पुडीला तो दोरा गुंडाळत होता, गुंडाळतच होता. या वेळी त्याला एकट्यालाच विचारायचं, असं मी ठरवलं.

अप्पांना तिथून हलवणं शक्य नव्हतं, म्हणून मी एक सोंग केलं. एका कोऱ्या फॉर्मवरचं 'विद्यार्थी' खोडून 'पालक' लिहिलं आणि म्हणालो, "अप्पा, यंदा पालकांचाबी फॉर्म हाय."

"शिक्का न्हाई ह्याच्यावर?"

"शिक्का मॅडम मारत्यात."

मुलाला त्याचा फॉर्म देऊन मागच्या गोदामात धाडलं आणि अप्पांसमोर बैठक मांडली. अप्पा रंगात आले. झोप? "दुकान उघडं टाकून झोपू का?" भूक? "पोट बघा की!" शेवटचा प्रश्न मी हसू मिळवायच्या चालीतच टाकला, "अप्पा, कधी जीव नकोसा झाला का?"

अप्पांनी तराजूचं पारडं उचललं आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले.

"झाल्ता. वीसचा असंन. सहा महिने बोललो न्हाई कुणासंगं. आईनं देवाला, कपिलधारला नेलं, धबधब्याखाली उभं केलं. समद्यांला वाटलं, झाला बरा."

"झाल्ते का?"

"दुकानात बसवलं. बसलो." मग म्हणाले, "हे लिवू नका, मास्तर."

माझं लिहून झालं होतं.

गोदामात मिरच्यांच्या पोत्यांशेजारी मुलगा उभा होता. त्याचा फॉर्म भरलेला. जगू नये असं वाटतं का, या प्रश्नापुढच्या 'नेहमी'वर त्यानं पेन्सिलीनं इतकं गिरवलं होतं की कागद फाटला होता.

"घरी सांगायचं न्हाई, आसं लिवलंय वर," तो म्हणाला. "लिवलंय ना?"

"लिवलंय."

"मग सांगू नका."

दोन-दोन भूमिका एका दमात करणारा मी, इथं मला एकही वठवता येईना. सांगावं तर छापील वचन मोडतं. न सांगावं तर पुढच्या वर्षी हा पोरगा असेल का, कोण जाणे. अन् हातात दुसरा कागद होता, माझ्याच लबाडीचा, कुठल्याही नियमात न बसणारा. अप्पा 'लिवू नका' म्हणाले होते, 'दाखवू नका' म्हणाले नव्हते. तो मी पोरापुढे धरला.

त्यानं दोनदा वाचला.

"हे तुमी रचलंय. तुमी नाटकवाले."

आयुष्यात मी इतका खरा कधी नव्हतो, आणि माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. "बाहेर हायत अप्पा," मी म्हणालो. "जा, इचार."

त्यानं कागद मला परत दिला. मग गेला. मिरचीनं आलेली शिंक दाबत मी दाराआड उभा राहिलो.

"अप्पा, मलाबी तुमच्यावानी होतंय. वीसचे असतानी झाल्तं तसं."

अप्पा एका बाईला साखर मोजत होते. हात तसाच राहिला.

"कवापासनं?"

"दहावीपासनं."

"मावशी, साखर उद्या न्या," अप्पा बाईला म्हणाले आणि ती गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं. मग मला हाक मारली. "मास्तर, दोन वर्सं काय लिवत होता तुमी?"

"तुमी सांगितलं ते."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गल्ल्याला कुलूप घातलं. मग विचारलं, "आता काय करायचं?"

अंबाजोगाईला या दुखण्याचे डॉक्टर बसतात, एवढं मला मॅडमकडून ठाऊक होतं. तेवढंच सांगितलं. भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून अप्पा निघाले, मीही निघालो. स्टँडपर्यंत जो तो विचारत होता, "काय अप्पा, कुठं निघालात?"

"पोराला दवाखान्यात दावायला."

"काय झालं त्याला?"

"दुखतंय त्याला," एवढंच अप्पा म्हणायचे आणि पुढे चालायचे.

बसमध्ये त्यांनी मुलाला खिडकीशी नाही, आमच्या दोघांच्या मधे बसवलं आणि त्याचं मनगट धरलं, जत्रेत लहान पोराचं धरतात तसं. अंबाजोगाई दिसू लागली तरी त्यांनी ते सोडलं नाही. पोरानंही हात काढून घेतला नाही.