दोन नळ्यांमधला श्वास

थोरला साडू गेला त्या दिवशी घरी माणसांची रीघ लागली होती. त्यातल्या काहींनी धाकट्या साडूला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही एवढे जवळचे. कसा होता हो माणूस?" धाकट्याला काही सांगता आलं नाही. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, एकमेकांकडे जेवणं तर आयुष्यभर चाललेली. तरी त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की हा माणूस सायकली दुरुस्त करतो, चहात साखर जास्त घेतो आणि पाण्याखाली जायची जुनीपुराणी साधनं जमवतो. बाकी सगळा माणूस त्याच्या समोर बसून जेवला आणि निघून गेला. त्याला खरं पाहिलं असं म्हणायचं तर एकाच सकाळी.

थोरल्याच्या घरात शिरलं की बाळाच्या पावडरीचा वास यायचा. नवखा पाहुणा हमखास विचारायचा, "अरे वा, घरात तान्हं बाळ?" मग थोरली मेहुणी, म्हणजे धाकट्याच्या बायकोची ताई, मागच्या खोलीकडे बोट दाखवायची. "आहे ना. साठी उलटलेलं." मागच्या खोलीत खुंट्यांवर काळ्या रबराचे मोठमोठे चष्मे टांगलेले असायचे, डोळे आणि नाक झाकतील असे, एका काचेचे, काचेभोवती पत्र्याचं कडं. जुनं रबर सुकून तडकू नये म्हणून थोरला त्यांना पावडर लावायचा. त्याखाली पोहताना पायांत घालायची, बदकाच्या पायांसारखी जड वल्ही. शिंगासारख्या वळलेल्या श्वासाच्या नळ्या, त्यांच्या टोकाला छोटा पिंजरा आणि पिंजऱ्यात पिंगपाँगचा चेंडू. डोकं पाण्याखाली गेलं की चेंडू तरंगून भोक बंद करतो, पाणी आत येत नाही. हे सगळं त्याने भंगारवाल्यांकडून, जहाजं तोडणाऱ्यांकडून, कुणाच्या माळ्यावरून गोळा केलेलं. आणि नुसतं टांगून ठेवायला नाही. जे पाण्यात चालत नाही ते त्याच्या खोलीत राहत नसे.

सगळ्यात लाडकं होतं दोन नळ्यांचं यंत्र. बंदरात काम करणाऱ्या एका पाणबुड्याच्या घरातून ते आलं होतं, पाणबुड्या जाऊन कैक वर्षं लोटल्यावर. पितळेचा डबा, ताटलीएवढा. तो मानेमागे, पाठीवरच्या हवेच्या टाकीवर बसायचा आणि त्यातून दोन घड्याघड्यांच्या रबरी नळ्या दोन्ही खांद्यांवरून तोंडाशी यायच्या. एकीतून श्वास घ्यायचा, दुसरीतून सोडायचा. आतल्या रबरी चकत्या कुजल्या होत्या. थोरल्याने त्या नव्याने कापल्या, बसवल्या, बिघडवल्या, पुन्हा कापल्या. संध्याकाळी जेवायला गेलं की तो त्या नळ्या तोंडात धरून पाण्याने भरलेल्या बादलीत तोंड घालून बसलेला आणि ताई वाढायची थांबलेली.

"भाऊजी, तुम्हीच सांगा यांना," ती म्हणायची. "डॉक्टरसुद्धा आता वय झालं म्हणाले. एकदा, फक्त एकदा काही चुकू दे, त्या दिवशी ती टाकी या घरातून बाहेर."

"आणि मी?" बादलीतून तोंड काढत थोरला विचारायचा.

"तुम्हाला कोण घेतंय?"

यंत्र तयार झालं तेव्हा ताईने धाकट्याला पकडलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याच्या नजरेतून चूक सुटत नाही अशी घरात त्याची ख्याती. पाण्याला मात्र तो इतका भ्यायचा की आंघोळही बसून करायचा. "तुम्ही जायचं, बघायचं आणि मला खरं काय ते सांगायचं," ती म्हणाली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुम्ही."

गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. पाणी इतकं स्वच्छ की काठावरून तळाची गंजकी लोखंडी गाडी दिसायची. थोरल्याने टाकी आणली होती. अग्निशमन केंद्रातला त्याचा दोस्त ती भरून द्यायचा.

"यात हवा किती उरली ते कसं कळतं?" धाकट्याने विचारलं.

"नाही कळत."

"नाही कळत?"

"अरे, हे जुनं काम आहे. काटा नाही, काही नाही. श्वास ओढायला जड लागला की समजायचं. मग ही दांडी खाली ओढायची." टाकीच्या कडेने खाली आलेली एक सळई त्याने दाखवली. "राखलेली थोडी हवा सुटते. ती वर यायला पुरते. बस्स. साडूबुवा, घाबरू नकोस, तुला कुठे खाली यायचंय? तू वर तरंग, तोंड पाण्यात घाल आणि हेरगिरी कर."

मग त्याचा सगळा वेळ धाकट्याच्या तोंडावर चष्मा बसवण्यात गेला. पट्टा सैल, मग घट्ट, मग काचेला आतून थुंकी लाव, मग हसू नको, हसलास की पाणी शिरतं. कमरेला हवा भरलेली ट्यूब बांधून आणि तोंडात चेंडूची नळी धरून धाकटा पाण्यात उतरला. त्याने डोळे मिटून तोंड पाण्यात घातलं. मग उघडले.

पुढचं सांगताना तो नेहमी अडखळायचा. खाली उजेडाचे तिरपे खांब उभे होते आणि त्यांच्यामधून थोरला खाली चालला होता, घाई न करता, जिन्यावरून उतरावं तसा. दुकानात उठता-बसता कण्हणारा, पाठीला हात लावून चालणारा माणूस. तिथे त्याला वजनच नव्हतं. तो तळाला गेला आणि त्या गंजक्या गाडीच्या काठावर बसला. सोडलेला श्वास त्या यंत्रातून मानेमागे बाहेर पडत होता, म्हणून तोंडासमोर काहीच नव्हतं. समोरून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला श्वास लागतच नाही. मासे आधी दूर झाले, मग परत आले. एक तर काचेला नाक लावून थेट त्याच्या डोळ्यांत बघत राहिला.

आणि बुडबुडे. तळाशी मोहरीएवढे निघायचे, वर येता येता बशीएवढे, ताटाएवढे व्हायचे आणि धाकट्याच्या छातीवर, पोटावर येऊन फुटायचे. थोरल्याच्या छातीतून निघालेला श्वास आपल्या अंगावर येऊन फुटतो आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि आपली भीती कधी गेली ते मात्र आलं नाही.

मग थोरल्याचा हात मागे गेला. त्याने सळई ओढली. पुन्हा ओढली. हात वर सरकवून टाकीच्या तोंडाशी चाचपलं. आणि तो निश्चल बसला.

हवा येत नाही एवढं धाकट्याला कळलं; कारण नंतर काठावर कळलं. दांडी आधीच खाली होती. टाकी भरताना ती खाली ठेवावी लागते, भरल्यावर वर करायची. ती करायची राहिली होती. राखलेली हवा थोरला कधीच ओढून बसला होता, नेहमीच्या हवेबरोबर, नकळत. धाकट्याने किंचाळायला तोंड उघडलं तर नळीत नुसती घरघर झाली.

थोरल्याने वर पाहिलं. मान मागे टाकली, तळाला पायाने हलकेच रेटा दिला आणि वर येऊ लागला. धाकट्याने मनातल्या मनात ओरडून घेतलं, चल, लवकर, लवकर! तो घाई करीना. मानेमागून बुडबुड्यांची एक बारीक दोरी सुटत राहिली आणि तो स्वतःच्या सगळ्यात लहान बुडबुड्याच्याही मागे राहून येत होता, डोळे उघडे, चेहरा असा की जणू कुणी मागून हाक मारली तर थांबेलसुद्धा. अर्ध्या वाटेवर त्याची छाती पुन्हा एकदा फुगली. वर पाण्याचा दाब कमी होतो, त्यामुळे रिकाम्या वाटणाऱ्या टाकीने त्याला आणखी एक घोट दिला होता. तो त्याने घेतला, आणि तोही सावकाश सोडत वर आला.

काठावर आल्यावर तो खोकला. "दांडी वर करायची राहिली," म्हणाला. "गाढव आहे मी."

"तुम्हाला भीती नाही वाटली, साडूभाऊ?"

"वाटली ना. पण भीतीला श्वास फार लागतो. तेवढा नव्हता."

परतताना धाकट्याने आयुष्यातलं पहिलं खोटं जुळवलं. सगळं नीट झालं, ताई. काही झालं नाही, ताई. जे पाहिलं ते पुन्हा पाहायला मिळणार नाही ही कल्पनाच त्याला सोसवेना. दारात ताई उभी. "काय भाऊजी, काय पाहिलंत?"

त्याने तोंड उघडलं, पण थोरलाच बोलला. "हवा संपली. चूक माझी. त्याला विचारू नकोस, त्याला घाम फुटलाय."

ताई आत गेली. टॉवेल आणून नवऱ्याचं डोकं खसाखसा पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्वतःच टाकी अग्निशमन केंद्रात देऊन टाकली. चष्मे आणि चेंडूच्या नळ्या ताईने राहू दिल्या. "तेवढंही काढलं तर घरात बसून माझं डोकं खातील," ती म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी दोघे साडू खाणीच्या पाण्यावर पालथे तरंगायचे. खाली गाडी, तिच्यावर कुणी नाही. बोलता तर येतच नसे. धाकट्याला ते बरंच वाटायचं. आपण एवढे शेजारी असून या माणसाला कधी काही विचारलं नाही, हे तिथे टोचत नसे.

थोरला गेला त्याआधीच्या गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला.

"तुझ्या चष्म्याचा पट्टा तुटला ना? नवा करतो. सायकलची जुनी ट्यूब असेल तर आण."

"तुमचंच तर सायकलचं दुकान आहे, साडूभाऊ."

"माझ्याकडच्या सगळ्या पातळ आहेत रे. तुझं डोकं मोठं."

"बघतो माळ्यावर."

"बघ. फाटकी असली तरी चालेल."

"बरं, ठेवतो."

"ठेव."