वाती आमच्याकडे होत्या

कार्तिकी पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या दुर्गाघाटाची पायरी न् पायरी दिव्यांनी भरते आणि ते बघायला जग लोटतं. जगाने जरूर यावं. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. काशीत आयुष्य काढलेल्या बाईने पर्यटनाबद्दल तोंड उघडलं की लोकांना वाटतं, आता ही जुन्या दिवसांचं रडगाणं लावणार. जुन्या दिवसांत आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं आणि वीज गेली की परत यायचं नाव घेत नव्हती. ते दिवस ज्याला हवेत त्याने घ्यावेत. मला गिऱ्हाईक हवं. त्या एका संध्याकाळी माझ्या दारातून जेवढे साबुदाणावडे जातात तेवढे एरवी महिन्यात जात नाहीत. नवऱ्याची बँकेतली नोकरी प्रकृतीमुळे लवकर सुटली, तेव्हापासून आमच्या घराचा हिवाळा त्या वड्यांवर निघतो. गल्लीतल्या आणखी बऱ्याच दारांत तसंच आहे. कोणी चहा विकतं, कोणी कचोरी, कोणी द्रोणात फुलं.

दिव्यांचं काम बायकांचं. कोजागिरी झाली की दुपारची जेवणं उरकून आम्ही माझ्या ओसरीवर कापूस घेऊन बसतो आणि वाती वळतो. मराठी घरं आता थोडीच उरली आहेत, पण वाती वळायला सगळ्या येतात. समोर राहणाऱ्या नावाड्याच्या सुनेला मीच शिकवलं. तिच्या वाती आता माझ्यापेक्षा सरळ होतात आणि ती ते बोलून दाखवते.

गेल्या वर्षी घाटाच्या माथ्यावरच्या हॉटेलने दिव्यांच्या तेलाचा खर्च उचलला. आजवर तेलासाठी घरोघर वर्गणी निघायची. घाटाची समिती म्हणजे मुख्यतः पूजेच्या सामानाचे एक दुकानदार. त्यांना फुकटचं तेल मिळाल्याचा फार आनंद झाला. मग दिवाळीनंतर ते माझ्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेरूनच घाईघाईने सांगू लागले. यंदा पायऱ्यांवर हॉटेलच्या पाहुण्यांच्या खुर्च्या लागणार. दोरी बांधणार. बायकांनी उजेड असेतो दिवे मांडायचे, अंधार पडताच लावायचे आणि वर निघून जायचं. आणि गल्लीतली दारं त्या संध्याकाळी बंद, कारण पाहुणे गल्लीतूनच उतरणार.

"दारं बंद म्हणजे?"

"मतलब, चाची, तळण वगैरे नको. गेस्ट लोगों को हेरिटेज का फील चाहिए."

"मग आम्ही कोण?"

"अरे, आप तो घर की हैं!"

"घरच्यांना बाहेर काढून पाहुणे बसवायची पद्धत कुठली हो तुमच्याकडे?"

ते हसले आणि म्हणाले, मॅनेजरसाहेबांशीच बोला. मी बोलायला गेले.

हॉटेलच्या गच्चीवरून गंगा फार छान दिसते, ते मान्य. मॅनेजर मऊ बोलणारा, तरुण, मला आंटीजी म्हणणारा. दिल्लीहून त्यांचा एक सल्लागार आला होता. त्याने भिंतीवर चित्रं दाखवली. वारशामुळे शहराला कसं उत्पन्न मिळतं, एक पाहुणा आला की पैसा कुठून कुठे जातो, बाण काढून सगळं सांगितलं. बाण बरेच होते. एकही आमच्या गल्लीत वळत नव्हता.

"ये पैसा हमारे दरवाजे तक कब आता है?" मी विचारलं.

"धीरे धीरे नीचे तक पहुँचता है, मॅडम."

"नीचे तो गंगाजी हैं. हम बीच में रहते हैं."

मॅनेजर हसला. सल्लागाराने चष्मा पुसला. मग मॅनेजर छातीला हात लावून म्हणाला, "आंटीजी, आप लोग ही तो इस घाट की आत्मा हैं."

"आत्म्याला भूक नसते, म्हणून दारं बंद का?" हे मी मराठीत म्हणाले, कारण हिंदीत मला एवढं पटकन सुचत नाही. त्याला कळलं असावं. त्याने कॉफी पुढे केली. मी प्यायले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी वाती वळताना मी बायकांना सांगितलं की खुर्च्या लागल्या आणि दारं बंद झाली तर दिवे लावायचे नाहीत. तेल त्यांचं, दिवे समितीचे, पण वाती आपल्या. वाती द्यायच्या नाहीत.

शेजारच्या काकूंचा हात थांबला. त्यांचा जन्म या गल्लीतला, सत्तरी ओलांडलेली. "त्रिपुरीला दिवा लावायचा नाही? अगं, काय बोलतेस काय?"

"दिवा लावायचाच, काकू. तुळशीपाशी लावा. देवळात त्रिपुरवात लावा, नेहमीसारखी तुपात भिजवून. देवाचं काही राहू द्यायचं नाही."

"आणि घाट?"

"घाटावरचे हजार दिवे देवासाठी आहेत की होडीतून फोटो काढणाऱ्यांसाठी? खरं सांगा."

काकूंनी कापसाचा पेळू संपवला आणि म्हणाल्या, "देवाचा झाल्यावर मग मी तुझ्याबरोबर. पण आधी देवाचा."

नवरा रात्री जेवताना म्हणाला, "तू कशाला पुढे होतेस? उद्या समितीवाले गॅसचं सिलेंडर चढवायला माणूस मिळू देणार नाहीत."

"वडे विकले नाहीत तर सिलेंडर घ्यायला पैसे तरी कुठे आहेत?"

त्यावर त्याने ताक मागितलं.

पौर्णिमेला दुपारीच दोरी लागली, खुर्च्या लागल्या. हॉटेलच्या नोकरांनी गल्लीत फिरून दारं लोटायला सांगितलं. आम्ही मुकाट्याने दिवे मांडले, तेल घातलं आणि वर आलो. देवळात त्रिपुरवात लागली, काकूंनी हात जोडले. मग आम्ही सगळ्या गल्लीच्या तोंडाशी, वरच्या पायरीवर, वातींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलो.

अंधार पडू लागला. शेजारचा पंचगंगा घाट उजळला, पलीकडचे घाट उजळले. मध्ये आमचा घाट काळा. शाली पांघरलेले पाहुणे खुर्च्यांतून मागे वळून बघत होते. नदीतून माणसांनी भरलेल्या होड्या जात होत्या. एका नावाड्याने ओरडून विचारलं, "का हो दुर्गाघाट, बिजली कटी है का?" नावाड्याची सून जागेवरूनच ओरडली, "बिजली नहीं, नीयत!" होडीभर लोक हसले.

हॉटेलच्या पोरांनी कुठूनसा औषधाचा कापूस आणला आणि वाती वळायचा प्रयत्न केला. त्या तेलात पडून फुगल्या. बाजारातून आणाव्यात तर गर्दीमुळे गल्ल्यांतून मुंगीला वाट नव्हती. शेवटी मॅनेजर आला. घाम आला होता त्याला, थंडी असून.

"आंटीजी, प्लीज."

"दोरी सोडा. दारं उघडू द्या."

"ये तो ब्लॅकमेल हुआ."

"नहीं बेटा. तुम्हारे सल्लागार ने जो समझाया, वही हम समझा रहे हैं. हेरिटेज की कीमत."

त्याने समितीच्या दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार नदीकडे पाहत होते. मग मॅनेजर स्वतः खाली उतरला आणि दोरीची गाठ सोडू लागला. गाठ घट्ट होती. त्याला वेळ लागला. आम्ही कोणी मदत केली नाही. खुर्च्या वरच्या ओट्यावर गेल्या. दोन पाहुण्या बायका मात्र खुर्चीवर गेल्याच नाहीत, पायरीवर बसून वाती मागू लागल्या. त्यांना दिल्या.

दिवे लागले. मी ते पाहिले नाहीत. मी घरी जाऊन दार सताड उघडलं आणि कढई चढवली. साबुदाणा सकाळीच भिजवून ठेवला होता. नवऱ्याने विचारलं, "म्हणजे जिंकणार हे तुला ठाऊक होतं?" मला काही ठाऊक नव्हतं. पण साबुदाणा ऐन वेळी भिजत नाही. विकला गेला नसता तर आठवडाभर आम्हीच खाल्ला असता. त्या संध्याकाळी कढई शेवटपर्यंत उतरली नाही, आणि हॉटेलचे पाहुणेही रांगेत होते. त्यांना मिरची जास्त लागली.

मी मॅनेजरला वाईट माणूस म्हणत नाही. त्याला वाटलं होतं की घाट म्हणजे दगड आणि उजेड, आणि ज्याने तेल दिलं त्याच्या मालकीचा उजेड. चूक आमचीही होती. फुकटचं तेल घेताना आम्ही कोणीच विचारलं नव्हतं की त्याबदल्यात काय जाणार.

यंदा कोजागिरीनंतर मी वर्गणी पुन्हा सुरू केली. दारात विकणाऱ्या प्रत्येकीने दिली, कोणी कुरकुरत, कोणी आनंदाने. दुकानदारांनीही दिली, मान खाली घालून. गेल्या आठवड्यात हॉटेलचा माणूस तेलाचे डबे घेऊन आला. मी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि डबे परत वर पाठवले. त्यांच्या स्वयंपाकघरात लागतील.