समासातली पेन्सिल

काल थंडीचे कपडे बाहेर काढताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी स्वेटर हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्या गावच्या जुन्या वाचनालयातल्या कपाटांना हाच वास होता. मागच्या हिवाळ्यात रोज दुपारी आम्ही दोघी त्या वासात बसायचो. वाचनालयाच्या इतिहासाचं ऑनलाइन प्रदर्शन करायचं काम मी अंगावर घेतलं होतं, आणि मदतीला आली होती महागावकडच्या एका तांड्यावरची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

प्रदर्शनाचा जीव म्हणजे वाचनालयाचे हस्तलिखित अंक. पूर्वी दर दिवाळीला वाचकांनीच लिहिलेला, एकाच हाताने सुवाच्य अक्षरात उतरवलेला अंक निघायचा. तो महिनाभर टेबलावर असायचा, आणि ज्याला जे वाटेल ते त्याने समासात पेन्सिलीने लिहावं, अशी इथली रीत. ही रीत मला फार उशिरा कळली.

मी इंग्रजी शाळेत शिकले. छापील मराठी मी नीट वाचते, पण घाईत लिहिलेलं अक्षर समोर आलं की एकेक काना-मात्रा धरत चालावं लागतं. हे मी कोणाला कळू दिलं नव्हतं. तिच्या घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि कागदावरची ही मराठी तिसरी. तरी ती त्या पानांवरून स्वतःच्या अंगणातून चालावं तशी जायची. मध्येच खुदकन हसायची. कशाला हसलीस, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर माझं अज्ञान उघडं पडलं असतं. मी मान खाली घालून स्कॅनरचं झाकण लावत राहायचे. मराठी माझ्या घरची, आणि त्या भाषेत ती माझ्यापेक्षा सुखाने नांदत होती. मला ते पाहवत नव्हतं.

घरी बसून मी सगळी पानं संगणकावर स्वच्छ केली. समासातल्या पुसट रेघा म्हणजे मळ, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ती अक्षरं आहेत हे दिसत होतं. वाचण्यापेक्षा पुसणं सोपं होतं. शेवटी ‘संकल्पना व निर्मिती’खाली माझं एकटीचं नाव टाकलं. तिचं ‘साहाय्य’खाली.

उद्घाटनाला जुनी मंडळी आली. पडद्यावर पानं उलटू लागली तसे एक निवृत्त गुरुजी पुढे झुकले.

“काहून वं बाई, पानं धुतले का तुनं? पेन्सिलीचं कुठं गेलं?”

माझ्याऐवजी तिनेच मोबाइल पुढे केला. आवडलेल्या पानांचे फोटो ती रोज काढून ठेवायची. “हे पाहा न गुरुजी, माह्याजवळ हाय.”

पडदा तसाच चालू राहिला आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले. एका कवितेशेजारी कोणी लिहिलं होतं, ‘छान. पण शेवट घाईत केला.’ खाली उत्तर होतं, ‘स्वयंपाकाची वेळ झाली होती.’

“हे तं म्याच लिहिलं होतं माय!” एक आजीबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. “अन् हे गुरुजी अजूनबी चुकाच काढून राह्यले!”

त्या हसण्यात मला जागा नव्हती. घरी येताना तिचा राग येत होता, आणि राग यावा असं तिने काहीच केलं नव्हतं, म्हणून जास्तच येत होता.

तीन दिवसांनी मी तिच्याकडून फोटो मागवले, धुतलेली पानं काढून टाकली आणि नावं बदलली. तिचं आधी, माझं नंतर. “कायले ताई? मेहनत तं तुमची होती,” असा तिचा निरोप आला. हा मोठेपणा नव्हता. ती पानं माझ्या एकटीच्या नावाखाली ठेवणं जमेना, एवढंच.

आता प्रदर्शन पुष्कळ लोक पाहतात. खाली नावांपर्यंत कोणी जात नाही, मी जाते. एका जुन्या अंकाच्या शेवटच्या पानावरही अशीच दोन नावं आहेत, आणि त्यातलं एक खोडून वरच्या ओळीत घेतलंय. कोणी खोडलं, कोण रुसलं, मी गुरुजींना विचारलं. त्यांना आठवेना. इतक्या वर्षांत दोन्ही नावांची शाई सारखीच तपकिरी झाली आहे. माझ्या मनात अजून तसं झालेलं नाही. तिच्या नावावर नजर गेली की आत काहीतरी टोचतं. मग मी एखादं पान उघडते आणि समासातली एक ओळ, अक्षराला अक्षर लावत, तिच्याशिवाय वाचून पाहते.