कळ्या

संधिवाताच्या बोटांना व्यायाम म्हणून आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत रबरासारखा, पण कणकेसारखा वळता येणारा मऊ गोळा दाबायला देतात. काल शेजारच्या खुर्चीवरच्या सुमनताईंनी तो हातात घेतला आणि सवयीनं चक्क मोदकाची पारी करायला लागल्या! कडेनं कळ्या पाडायला गेल्या, पण अंगठा काही बोटापर्यंत पोचेना.

"अहो, सारण कुठाय?" मी चिडवलं.

"आधी कळी तर पडू दे, बाई!"

फिजिओवाल्या मुलीनं त्यांचं एकेक बोट वाकवून बघितलं. "गणपतीपर्यंत जमतील ना गं मोदक?" ताईंनी विचारलं.

पोरीला खोटं बोलता येईना. "आजी, वाकडी झालेली बोटं सरळ नाही व्हायची. आहे तेवढं टिकवू या."

मला वाटलं, आम्हा बायकांचं अर्धं शहाणपण बोटांतच साठलेलं असतं. सुनेला कृती सांगता येते हो, पण कळी किती दाबायची ते तोंडानं कसं सांगणार? माणूस जिवंत, डोकं शाबूत, आणि आतलं सगळं असं मुक्यानंच जायचं.

ताईंनी गोळा टेबलावर ठेवला. उकड लागल्यासारखे दोन्ही हात पदराला पुसले. हातांना काहीच लागलेलं नव्हतं.