घाई न करणारा वकील

तालुक्याच्या कोर्टात मी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्यांचा दुभाषी. तिथला सरकारतर्फे फुकट मिळणारा वकील म्हणजे माझा कायमचा वैताग. चहा बशीत ओतून गार करत बसणार आणि कुणी हाक मारली की म्हणणार, "थांब ना भाऊ, घाई काय शे?"

जंगलजमिनीसाठी धरण्याला बसलेल्या आमच्या पाड्यावरच्या चौघांना पोलिसांनी उचललं. बाकीचे वकील घाबरून बाजूला झाले. उरला हा. सरकारच्या पैशावरचा माणूस सरकारशी काय भांडणार?

पोलिसांना कोठडी लगेच हवी होती. हा न्यायाधीशांसमोर सावकाश उठला. "साहेब, का धरलं ते यांना यांच्या बोलीत कुणी सांगितलं का, तेवढं विचारू द्या."

मी पावरीत विचारलं. चौघेही नाही म्हणाले. कारण त्यांना कळेल अशा भाषेत न सांगितल्याने न्यायाधीशांनी अटक बेकायदा ठरवून चौघांना सोडलं.

मी खुशीत त्याला चहाला बोलावलं, तर तो माझ्यावरच खेकसला, "चहा नंतर! पोलीस दुसरी केस लावतीन. आधी यासले म्हसावदनी गाडीमा बसाड!" आणि काळा कोट सावरत स्वतःच आमच्या पाड्याकडे जाणारी ती गाडी अडवायला रस्त्यावर धावला.

चौघांना घेऊन गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. टपरीवर त्याने चहा बशीत ओतला. तो गार होईपर्यंत मी निवांत बसून राहिलो.