उपाशी मेलेली बुरशी

भिकाजी गोताडांना कोणी विचारलं, "काय काम करता?" तर ते म्हणायचे, "बुरशी पाळतो." समोरचा हसायचा. हसेना का! रत्नागिरीच्या त्या भातरोगांच्या प्रयोगशाळेत केस पिकेपर्यंत त्यांनी तेच केलं होतं. काचेच्या बशीत बुरशीचं खाद्य ओतायचं, जुन्या बशीतला तिचा कपटा नव्या बशीत ठेवायचा आणि वापरून झालेलं सगळं वाफेच्या मोठ्या कुकरात शिजवून मारायचं. बुरशीही कुठली, तर भातावर करपा आणणारी. संगमेश्वराकडे गावाला त्यांचं उभं पीक एका पावसाळ्यात याच करप्याने जळलं होतं. बायको म्हणायची, "जिने आपलं भात खाल्लंन, तिलाच जेवू घालताय!"

तेजल ही तिथलीच पीएचडी करणारी मुलगी, दापोलीजवळच्या मुरुडची. तिला समजावून सांगायची भारी हौस.

"काका, बुरशीला उपास पडला ना, की ती स्वतःच्याच पेशीतलं जुनंपानं खाऊन तग धरते. भाताच्या पानात घुसायलाही तिला तेच करावं लागतं. ते ज्या जनुकामुळे जमतं, ते मी हिच्यातून काढून टाकलंय. आता ही पानात शिरणार नाही, बघा तुम्ही. पण हिला उपाशी ठेवू नका हं. नेहमीची बुरशी सुकलेल्या बशीतही जगते. ही मरेल."

भिकाजींनी मान डोलावली, पण मनातून काही पटलं नाही. करपा, आणि भुकेने मरतो? काहीतरीच!

शिमगा आला. तेजलच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात निघालं.

"काका, गावी निघायच्या आधी हिला नव्या बशीत घालाल ना? नाहीतर मी थांबते."

"अगो बाय, तू जा बिनधास्त. घालतो मी."

नाही घातली. एसटी सुटायची घाई, मुंबईहून भाऊ आलेले, डोक्यात आधीच ढोल वाजायला लागलेले. दोन दिवसांनी येतोच आहोत, तेवढ्यात काय होतंय, असं म्हणून गडी निघाला. पण देवीची पालखी का आपल्या हातात असते? वरच्या वाडीत मानकऱ्यांचं काहीतरी बिनसलं आणि ती आठवडाभर तिथेच अडकून पडली. देवी दारात यायची, बायकोने ओटी भरायची, आणि घरचा कर्ता माणूस रत्नागिरीत बश्या धूत बसायचा, असं कुठे झालंय? भिकाजी थांबले. पालखी आली तेव्हा त्यांनी ती खांद्यावर घेऊन अशी नाचवली की भाऊ मोबाइल धरून बघतच राहिले.

परत आले तर बशीतलं खाद्य सुकून पापड झालेलं. शेजारच्या बशीतल्या नेहमीच्या बुरशीचीही तीच गत, पण तिचा कपटा नव्या खाद्यावर ठेवला तशी ती वाढू लागली. तेजलच्या बुरशीचे कपटे ठेवले, पुन्हा ठेवले. एकही वाढेना. पोरगी म्हणाली होती तस्संच झालं होतं.

फोन खिशात होता हो! पण सांगणार काय, मी नाचत होतो म्हणून? भिकाजींनी नेहमीच्या बुरशीचा कपटा उचलला, नव्या बशीत ठेवला आणि झाकणावर तेजलच्या बुरशीचं नाव घातलं.

तेजल परत आली आणि बशी बघून खूश झाली. "काय खायला घातलंत, काका? हिने तर बाळसं धरलंन!" भिकाजी हसले. त्या हसण्याची पुढे त्यांना स्वतःलाच शिसारी यायची.

तिने ती बुरशी रोपांवर फवारली. पानं ठिपक्यांनी भरली आणि करपून गेली. तिने पुन्हा रोपं वाढवली, पुन्हा फवारली. पुन्हा तेच. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. डबा तसाच परत जायला लागला.

"माझंच चुकलं, काका," एके दुपारी ती म्हणाली. "जनुक काढूनही करपा पडतोय. म्हणजे मी इतकी वर्षं सांगत होते ते सगळं खोटं. सोमवारी गाईड मॅडमना सांगते आणि पीएचडी सोडून देते. बाबा नोकरी बघ म्हणतातच आहेत."

अरे बाबा, आता तरी बोल की! पण छे. भिकाजींनी तोंड उघडलं आणि "चहा आणू?" एवढंच बाहेर पडलं. मन मात्र आतून खात होतं. घास तोंडाशी नेला की तिचा न उघडलेला डबा दिसायचा.

शनिवारी ती आवराआवर करायला आली. जुन्या बश्या भिकाजींनी कुकरात रचल्या. झाकण लावणार तेवढ्यात तिने फ्रीजरमधली एक चंदेरी पुडी आणून त्यांच्या हातावर ठेवली.

"हेही टाका. माझीच बुरशी वाढवून वाळवलेले कागद आहेत. गारठ्यात ती निजून राहते, तिला भूक लागत नाही. बशीतली कधी मेलीच, तर यातून पुन्हा वाढवता यावी म्हणून ठेवले होते. आता काय उपयोग?"

म्हणजे बुरशी होती! त्या दिवशी एक फोन केला असता, तर ती चिडली असती, चार शब्द बोलली असती आणि यातला कागद काढून कामाला लागली असती. एवढ्यावर भागलं असतं. आणि भिकाजींनी पोरीला पार आयुष्यातून उठवायची वेळ आणली होती.

पुडी हाताला गार लागत होती. कुकर आ वासूनच होता. टाकली की संपलं, जन्मात कोणाला कळणार नव्हतं.

"ही नाय टाकत मी," भिकाजी म्हणाले. "बशीतली तुझी नाय, बाय. तुझी शिमग्यात मेली. मी उपाशी मारली. पालखीपायी राहिलो, आणि मग भ्यायलो, नि तिच्या जागी नेहमीची घातली. रोपं करपवलीन ती त्या दुसरीने. तू सांगत होतीस ते खरं आहे. तुझीने तर मरून दाखवलंन ते."

पुडी घेऊन तेजलने फ्रीजरमध्ये ठेवली. बेसिनपाशी बराच वेळ तोंड धूत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं भिकाजींना वाटलं.

"थांबते म्हणाले होते मी, काका," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही जा म्हणालात, म्हणून गेले."

सोमवारी मॅडमसमोर भिकाजी स्वतःच उभे राहिले आणि जे झालं ते सांगितलं. मेमो मिळाला. तो त्यांना काहीच वाटला नाही.

कागदावरून बुरशी पुन्हा वाढली, विरळ, फिकट, तिच्या मूळ रूपातली. रोपांवर फवारली तरी पानांवर एक ठिपका उठला नाही. तेजल सगळ्यांना रोपं दाखवत होती. भिकाजींनाही दाखवली, आधीसारखंच काका म्हणत.

पुढे तिच्या वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भिकाजी तिच्या टेबलापाशी घुटमळले. "तू जा, मी..." त्यांनी सुरुवात केली.

"नको काका," ती अगदी मऊपणे म्हणाली. "बाबांकडे भाऊ आहे. मी इथेच थांबते."

आणि तिने नवी बशी पुढे ओढली.