काशीमामाचा अंगठा

जवळ ये गं मृणाल, कान धरायचाय तुझा. फोटो पाठवलास, साडी छान आहे. पण मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं, मंगळसूत्राचा तुटलेला दोरा तू चक्क गोंदानं चिकटवलायस. गोंदानं! पाकीट आहे का ते? पनवेलच्या मावशीची भाची म्हणवतेस आणि आमचा काशीमामा असताना गोंद लावतेस? अर्थात तू माझ्या वैशूच्या लग्नाला आली नाहीस, तो राग वेगळा, म्हणून तुला मामा कुठून ठाऊक असणार.

काशीमामा, म्हणजे साऱ्या बाजाराचाच मामा, दागिने गाठवतो. सोनारानं घडवलेलं सोनं हा रेशमी दोऱ्यात ओवतो. बाजारातल्या बोळात त्याची चटईएवढी जागा. तिथे पाय लांब करून बसायचा, उजव्या पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ताणायचा आणि दोन्ही हातांनी मणी ओवायचा. तोंड तेवढं मोकळं, ते चालूच. "ताय, ह्यो अंगठा माजा गडी हाय. रजा नाय, चा नाय, उलटून बोलनं नाय." गड्याला रोज खोबरेल. डोक्याला लावताना मी मामाला कधी पाहिलं नाही. तिथं लावण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

वैशूचं लग्न नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये. विहीणबाई शिरढोणच्या, भारी हौशी. त्यांनी आणलेलं मंगळसूत्र प्रत्येकीच्या हातात देऊन दाखवत होत्या. कुणीतरी जरा जास्तच प्रेमानं ओढलं, दोरा तुटला, मणी खुर्च्यांखाली! मुहूर्ताला अर्धा तास. विहीणबाई रडकुंडीला.

काशीमामा पंगतीवर डोळा ठेवून बसला होता. लोक खिशात रुमाल ठेवतात, हा दोरा ठेवतो. नवरीच्या खोलीत चटईवर बसला, चप्पल काढली, आणि मी किंचाळलेच. अंगठा टोमॅटोसारखा! सकाळी पायरीवर ठेचकाळला होता म्हणे.

"मामा, डावा घ्या की!"

"डावा अडानी हाय, ताय."

वीस मिनिटांत मंगळसूत्र तयार. शेवटची गाठ मारली आणि अंगठ्यातला फास काढायला गेला, तर निघेना! अंगठा आणखी सुजलेला. मी कातर आणली.

"खबरदार! बोहल्याआधी मंगळसूत्राला कातर? त्यापरीस माजा अंगठाच काप!"

तेल चोळलं. एकीकडून मी ओढतेय, दुसरीकडून शालू सावरत वैशू. हसून हसून तिची मुंडावळी नाकावर आलेली. तेवढ्यात गुरुजी माईकवर, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

"मामा अडकलाय!" काशीमामा आतून ओरडला.

ते ऐकून विहीणबाई आत आल्या. पाहतात तर मंगळसूत्र मामाच्या पायात. "अगं बाई! पायातलं मंगळसूत्र? हे माझ्या सुनेच्या गळ्यात नाही जायचं! लग्न थांबवा!"

वैशूचं हसू जागच्या जागी विझलं. मामा मात्र शांत. "बाय, तुमच्या शिरढोनला आजवर गेलेली निम्मी मंगळसूत्रं याच अंगठ्यावरून गेलीत. तुमचं बी. त्या टायमाला तुमची सासू समोर बसलेली. तिनं चा पाजला मला."

विहीणबाईंचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. मग भरजरी शालूनिशी फतकल मारून खाली बसल्या आणि मामाचा पाय मांडीवर घेतला. "मग बघता काय? काढा की लवकर!"

मामानं खिशातून उरलेला रेशमी दोरा काढला. नखापासून अंगठ्याला तो गच्च गुंडाळत गेला, सूज दाबली गेली, आणि फास त्या दोऱ्यावरून सुळकन घसरला. "सुटला गडी!" मंगळसूत्र धुतलं, हळदकुंकू वाहिलं, आणि मुहूर्त साधला.

आता विहीणबाई गावातल्या बायकांच्या नथी-तन्मणी गोळा करून स्वतः मामाकडे नेतात. आधी अंगठ्याला नमस्कार, मग मामाला.

हल्ली मामा पळस्प्याला घरीच असतो. डोळे मंदावलेत, पण गाठी हाताला कळतात. तुझ्या गोंदाचं सांगितलं तर दुपारी जेवला नाही. मग म्हणाला, "पोरीला लवकर आना, ताय. गडी अजून कामावर हाय."

तर ये बाई या रविवारी. गोंदाची बाटली तिकडेच ठेव, आणि मामासाठी खोबरेल आण.